मांडी घाला, उस्ताद

लायसन्सवर फोटो माझा होता आणि पाय उस्तादांचे. हे मला कळलं तेव्हा लायसन्स हातात पडून बरेच दिवस झाले होते, नातेवाइकांत पेढे वाटून झाले होते आणि लातूरची ट्रायल तोंडावर आली होती. आज हे लिहितानाही माझी मूठ वळते. झालं गेलं सोडून दे, असं मला चार जणांनी सांगितलं. चौघंही पुरुष होते आणि चौघांनाही गाडी येत होती.

मुलगी अकरावीला लातूरला गेली तिथून ही गोष्ट सुरू होते. आमच्या नांदेडकडे पोरगी दहावीला जरा बरे मार्क घेऊन आली की सगळे विचारतात, मग लातूरला कधी पाठवताय? आम्हीही पाठवली. ट्यूशन एरियात एक खोली, तीत तिघी जणी, दोन्ही वेळचा मेसचा डबा. दिवाळीला घरी आली तेव्हा तिच्या गालाची हाडं वर आली होती. "आई, मेसच्या वरणात डाळ शोधावी लागते," असं म्हणून ती हसली. मला काही हसू आलं नाही. तिचा ड्रेस खांद्यावरून उतरत होता, मी तो शिवून आत घेतला आणि शिवता शिवता ठरवलं की आपण लातूरला जायचं.

तिथं कितीतरी आया पोरांसाठी खोली करून राहतात. पण दोन ठिकाणच्या चुली एका कमाईवर पेटत नाहीत. नवरा ड्रायव्हर आहे, स्वतःची गाडी एका कार्यालयाला भाड्यानं लावलेली, त्यात नांदेडचं घर चालतं इतकंच. तेवढ्यात मुलीनंच फोनवर सांगितलं की तिच्या क्लासच्या मुलींना होस्टेलवरून ने-आण करणारी एक एजन्सी आहे आणि त्यांना बायका ड्रायव्हर हव्या आहेत. मुलींच्या आईवडिलांनीच तसा आग्रह धरला होता. राहायला खोली एजन्सी देणार. लायसन्स पाहिजे आणि ट्रायल पास व्हायला पाहिजे, एवढंच. ट्रायल म्हणजे त्यांचा एक जुना माणूस शेजारी बसणार आणि लातूरभर गाडी चालवून घेणार.

मला भीती वाटली नाही. उमरीजवळच्या माझ्या माहेरी मी परकराच्या वयात बैलगाडी हाकली आहे. लग्नानंतर इतकी वर्षं स्कूटीवर भाजी, दळण, मुलगी आणि पायाशी गॅसची टाकी घेऊन वजिराबादच्या गर्दीतून हिंडले. तेव्हा कुणाला माझी काळजी वाटली नाही. दोन चाकांवर टाकी घेऊन जाणारी बाई कुणाला धोक्यात दिसत नाही. चार चाकांचं नाव काढलं आणि घरादाराच्या पोटात गोळा आला.

"मला शिकवा," मी नवऱ्याला म्हणाले.

"घरच्या माणसानं शिकवू नये. भांडणं होतेत," तो म्हणाला. "क्लास लाव. उस्ताद माझ्या ओळखीचे हायेत, मी बोलतो त्यांच्याशी."

मला वाटलं, नवरा असावा तर असा. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. ज्या माणसानं लग्नापासून मला त्या सीटवर बसू दिलं नाही, तो इतक्या सहज कसा हो म्हणाला, हा विचार मला शिवलाही नाही. दर दसऱ्याला त्याची गाडी मी धुते. झेंडूचं तोरण मी ओवते, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक मी काढते, नारळ तेवढा तो फोडतो. एकदा आतून काच पुसताना मी जरा स्टेअरिंगपाशी टेकले, तर लगेच बाहेरून आवाज आला, "सीट सरकवू नको, माझं माप बिघडतंय." ओवाळायला मी चालत होते. बसायला नव्हते.

क्लासची गाडी पांढरी, जुनी, डोक्यावर लाल 'एल'ची पाटी. उस्ताद डाव्या सीटवर बसायचे. त्यांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक होते. पहिल्याच दिवशी मी विचारलं, हे कशाला? "इमर्जन्सीला," ते म्हणाले. "एखादं जनावर आडवं आलं तर. तुम्ही फिकर करू नका, ताई. आपण हातसुद्धा लावत न्हाई." हात त्यांनी खरंच कधी लावला नाही.

गाडी तर अशी चालायची की मलाच नवल वाटायचं. पहिले दोनतीन दिवस क्लच जड गेला, मग पेडल पायाखाली आपोआप खाली जायला लागलं. मी पाय टेकवायचा अवकाश, ते बसायचं. मला वाटलं, पाय तयार झाला. चौकात पुढची रिक्षा थांबली की आमची गाडी अशी अलगद थांबायची की पोटातलं पाणी हलू नये. उस्ताद फोनवर कुणाशी तरी प्लॉटचं बोलत असायचे, मध्येच फोन बाजूला धरून म्हणायचे, "वा. लई छान हात बसलाय तुमचा. गडी लोक गाडी नुसती आपटून राहतेत, बाया कशा फुलासारखी चालवतेत." मी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगायचे. नवरा मान खाली घालून जेवायचा आणि म्हणायचा, "हाव का? बरं हाय."

लायसन्सची परीक्षाही मी त्याच गाडीत, त्याच उस्तादांना शेजारी घेऊन दिली. पास झाले. मुलीला फोटो पाठवला. तिनं खोलीतल्या मुलींना दाखवला आणि म्हणाली, "आई, तू आलीस की आपण रोज पिठलं करू." त्या वाक्यावर मी आठवडाभर तरंगत होते.

ट्रायलची तारीख आली तेव्हा मी नवऱ्याच्या मागे लागले की मला तुमच्या गाडीवर एकदा तरी हात फिरवू द्या. लातूरला क्लासची गाडी मिळणार नव्हती. चार दिवस टाळाटाळ झाली, मग एका रविवारी तो म्हणाला, चल विष्णुपुरीकडं, तिकडं रस्ता मोकळा असतो.

गल्लीतून निघतानाच गाडी बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. "नवी गाडी हाय तुला," तो म्हणाला. लातूर फाट्यापर्यंत मी किती वेळा मागच्यांच्या शिव्या खाल्ल्या, ते जाऊ द्या. इंजिनिअरिंग कॉलेजच्या पुढे धरणाकडे वळलो, तिथं जरासा चढ आहे. पुढे उसाची ट्रॉली अडकली होती म्हणून थांबले. म्हणजे नवऱ्यानं हँडब्रेक ओढला म्हणून थांबले. ट्रॉली हलली, त्यानं हँडब्रेक सोडला, मी पाय टेकवला आणि वाट पाहिली, पेडल आता खाली जाईल म्हणून. ते गेलं नाही. गाडी मागे निघाली.

"काय करून राहिलीस? ब्रेक दाब!"

"दाबूनच राहिले! लागत न्हाई!"

मागे मोटारसायकलवर एक जोडपं होतं. त्या माणसानं गाडी टाकून बायकोला बाजूला ओढलं. ती मोटारसायकल आणि आमची गाडी यांच्यात हातभर अंतर राहिलं असेल, तेवढ्यात नवऱ्यानं पुन्हा हँडब्रेक ओढला आणि आमची गाडी तिरकी होऊन खडीच्या ढिगात शिरली. मागचा दिवा फुटला. ती बाई माझ्याकडे नुसती बघत उभी होती. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी उतरले. तोंड अजून शाबूत होतं. "तुमच्या गाडीचा ब्रेक खराब हाय," मी म्हणाले. "क्लचबी खराब हाय. जाम झालाय. दाखवा कुणाला तरी."

नवरा आधी माझ्याकडे पाहत राहिला, मग हसायला लागला. बॉनेटला हात टेकून हसला. "अगं, क्लासच्या गाडीत ब्रेक उस्तादच मारतेत. क्लचबी तेच दाबतेत. इकडून दाबला की तिकडचा आपोआप खाली जातो. तुला काय वाटलं, तू दाबून राहिली होतीस?"

मला सगळं एकदम समजलं. अलगद थांबणं, फुलासारखं चालवणं. मी इतके दिवस स्टेअरिंग धरून बसलेली सवारी होते. आणि समजल्यावर पुढचं सुचलं, ते अजून वाईट. हे या माणसाला माहीत होतं. रोज जेवताना मी उस्तादांचं कौतुक सांगायचे आणि हा मान खाली घालून "बरं हाय" म्हणायचा, तेव्हाही माहीत होतं. परतताना तोच गाडी चालवत होता. मी खिडकीबाहेर बघत बसले. न बोलायला मला फार जोर लावावा लागतो.

सकाळी मी क्लासवर गेले. उस्ताद गाडी पुसत होते.

"माझ्या वाटचा ब्रेक तुम्ही मारत होता का?"

"ताई, बायांच्या गाडीला पाय ठेवावा लागतो."

"आन् गड्यांच्या?"

"त्यांच्याबी ठेवतो. पर हळूहळू काढून घेतो."

"मग माझ्या वेळी का न्हाई काढला?"

ते गळ्यातला रुमाल सारखा करत राहिले. मी हलत नाही हे दिसल्यावर म्हणाले, "तुमच्या मालकानंच सांगितलं होतं. पाय काढू नका म्हणले. तिची हौस होऊ द्या, लायसन निघालं की ती खूश. म्हणून राहू दिलं. आता घरच्याच माणसानं सांगितल्यावर आपण काय बोलणार, ताई?"

तळपायाची आग मस्तकात गेली. हौस! पैठणी घेणं ही हौस असते, घरात झुला टांगणं ही हौस असते. माझ्या पोरीच्या गालाची हाडं दिसायला लागली म्हणून मी या वयात गिअर शिकायला बसले, ती हौस? आणि ती पुरवायची कशी, तर लहान मुलाला मांडीवर घेऊन स्टेअरिंग धरायला देतात तशी? दोन पुरुषांनी माझ्या पाठीमागं दोन मिनिटांत ठरवलं की ही बाई खरं शिकणार नाही, आणि तिला हे कळणारही नाही. चढावर त्या मोटारसायकलवालीला काही झालं असतं तर पेपरात काय आलं असतं? बाई गाडी चालवत होती, असंच आलं असतं. उस्तादांच्या पायांबद्दल कुणी एक ओळ लिहिली नसती.

त्या संध्याकाळी नवरा ताटावर बसला होता तेव्हाच मी विचारलं.

"एवढं काय त्यात? तुला काही झालं असतं म्हणजे? म्या रस्त्यावर काय काय बघितलंय, तुला म्हाईत हाय का?"

"आन् मग ट्रायलला काय झालं असतं?"

"नापास झाली असतीस," तो म्हणाला. "आली असतीस घरी."

इतकं सरळ. जसं काही पाहुण्यांकडे जाऊन परत यायचं होतं. मग तो आणखी पुढे गेला. "आन् तू तिकडं गेल्यावर मी इथं एकटा काय करू? भाकरी कोण टाकंल?"

"सोळा वर्षांची पोर मेसच्या डब्यावर राहते," मी म्हणाले, "तुम्हाला राहता येत न्हाई?"

तो उठून गेला. ताट अर्धं तसंच होतं. इतर वेळी मी झाकून ठेवलं असतं. त्या दिवशी ते शेजाऱ्यांच्या म्हशीच्या पाटीत गेलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा क्लासवर. उस्तादांना वाटलं, फीसाठी आले. त्यांनी खिशाकडे हातही नेला. मी म्हणाले, मला काही परत नको, मला शिकवा. जे आधीच शिकवायला पाहिजे होतं ते शिकवा. आणि मागच्या सीटवर बसा.

"मागं बसता येत न्हाई, ताई. गाडीची जिम्मेदारी माझी हाय. उद्या काही झालं तर?"

ते मला पटलं. राग असला म्हणून डोकं गहाण पडत नाही.

"मग पुढंच बसा," मी म्हणाले, "पण मांडी घालून."

"काय?"

"मांडी घाला, उस्ताद. पाय वर घ्या. खरंच जनावर आडवं आलं तर सोडा खाली. माझ्या क्लचसाठी न्हाई."

इतक्या वर्षांच्या धंद्यात त्यांना असं कुणी सांगितलं नसणार. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं, चपला काढल्या आणि पट्टा लावून सीटवर मांडी घातली. जाडजूड माणूस. उजवा गुडघा गिअरच्या दांड्यावर यायचा. पहिला आणि दुसरा गिअर टाकताना माझी मूठ त्यांच्या गुडघ्यावर आदळायची आणि ते "आई गं" म्हणायचे. मी माफी मागितली नाही.

असे आम्ही नांदेडभर हिंडलो. तरोड्याकडे, आसनेच्या पुलापर्यंत, मग बाजारातून. सिग्नलला बाजूच्या रिक्षावाल्यानं डोकं बाहेर काढून विचारलं, "काय उस्ताद, सत्यनारायणाला बसलात का?" शाळेची पोरं बोट दाखवून हसायची. उस्तादांचे कान लाल व्हायचे. मला त्यांची कीव येत नव्हती. इतके दिवस माझं हसं माझ्याच पायाखाली चाललं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. त्यांना निदान दिसत तरी होतं, कोण हसतंय ते.

गाडी बंद पडायची. बंद पडली की मागचे हॉर्न वाजवायचे, आणि मग माझा एक हात आपोआप हॉर्नवर जायचा, मीही वाजवायचे, पुढं कुणी नसताना. ब्रेक इतका जोरात लागायचा की उस्ताद पट्ट्यात पुढं लोंबायचे. दोनदा त्यांचा पाय सटकन खाली गेला. दोन्ही वेळा मी गाडी बाजूला घेतली, चावी काढून मुठीत धरली आणि ते पुन्हा मांडी घालेपर्यंत बसून राहिले. "ताई, सवय हाय हो पायाला," ते काकुळतीला येऊन म्हणाले. सवय! माझ्या पायालाही तुम्ही सवय लावली होती, काहीच न करण्याची.

हळूहळू क्लच कुठं पकडतो ते तळव्याला कळायला लागलं. ते कुणी सांगून कळत नाही. पेडल सोडत आणताना एका जागी गाडी अंग आवळते, तिथं थांबायचं. विष्णुपुरीच्या त्या चढावर मी उस्तादांना घेऊन गेले. थांबले, अंग आवळलेलं ऐकलं, निघाले, पुन्हा थांबले. गाडी बोटभरही मागे गेली नाही. उस्ताद म्हणाले, "आता पाय सोडू का? मुंग्या आल्यात." मी म्हणाले, सोडा, पण पेडलच्या अलीकडे. नंतर नंतर ते फोनवर प्लॉटचं बोलत राहायचे आणि रस्त्याकडे बघायचेही नाहीत. मला त्याचाही राग यायचा. आधी विश्वास नाही, आणि मग एकदम लक्षच नाही.

ट्रायलच्या दिवशी नवऱ्यानं सुट्टी टाकली. आमच्यात कामापुरतं बोलणं सुरू झालं होतं. मी एसटीनं जाणार होते, तर तो म्हणाला, मी सोडतो. "मी चालवते," मी म्हणाले. "ट्रायलच्या आधी थकू नको," तो म्हणाला. काळजीला नकार देणं फार अवघड असतं, आणि ते या माणसाला पक्कं ठाऊक आहे. लोहा, अहमदपूर करत लातूर येईपर्यंत तो मला शिकवत होता. आरसा असा बघ, गंजगोलाईच्या गर्दीत तसं कर. ज्या माणसाला मी शिकवा म्हणाले होते तेव्हा त्यानं शिकवलं नाही, तो आता सुटत नव्हता. दोन्ही बाजूंना तूर काढणीला आली होती. मी तूर बघत राहिले.

औसा रोडला एजन्सीचं ऑफिस होतं. मालक तरुण होता, नम्र होता, आणि सगळं नवऱ्याशीच बोलत होता.

"वहिनींना रात्रीच्या अंधारात चालवायला जमंल ना?"

"जमंल की," नवरा म्हणाला.

"चिडचिड तर न्हाई ना करत?"

"न्हाई न्हाई."

मी तिथंच होते. दोघांच्या मधल्या खुर्चीवर.

ट्रायल घेणारे एसटीतून निवृत्त झालेले, शिरूर अनंतपाळकडचे एक गृहस्थ होते. त्यांनी मालकाकडेही पाहिलं नाही आणि नवऱ्याकडेही नाही. मला म्हणाले, "चला." त्या ऑफिसात एवढा एकच माणूस माझ्याशी बोलला, म्हणून तो शब्द मला अजून आवडतो. त्यांच्या बाजूला पेडल नव्हतं. मी आधी तेच बघितलं.

त्यांनी मला थेट गंजगोलाईत नेलं. चहूबाजूंनी रस्ते येऊन मिळतात, मधल्या इमारतीला लोक, हातगाड्या, दुचाक्या सगळे वळसा घालत असतात, आणि कुणालाच थांबायचं नसतं. "एक चक्कर मारा आन् गूळ मार्केटकडं काढा," ते म्हणाले. पेरूची गाडी घेऊन एक बाई अगदी पुढ्यात आडवी आली. मी थांबले. मागून हॉर्न सुरू झाले. ती गाडी वळवायची घाई करत होती आणि चाक दगडाला अडत होतं. मी तिला हातानं म्हणाले, सावकाश. माझी गाडी बंद पडली नाही. ती गेली, मी पहिला टाकला, दुसरा टाकला, गूळ मार्केटकडे निघाले. एका चढाच्या गल्लीत त्यांनी मला मालाच्या टेम्पोच्या मागे मुद्दाम उभं केलं. तेही झालं. परत ऑफिसशी गाडी लावल्यावर ते दार उघडता उघडता म्हणाले, "हॉर्न लई वाजवता. बाकी ठीक हाय." आत जाऊन मालकालाही तेवढंच सांगितलं. मग पुढे म्हणाले, "संध्याकाळच्या फेरीचा डायव्हर आला न्हाई. ह्यांनाच पाठवा."

मला वाटलं आता रडू येईल. पण मालक नवऱ्याकडे वळला होता. "चांगलं तयार केलंत वहिनींना," तो म्हणाला.

मी नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिले. एक वाक्य पुरलं असतं. मी नाही शिकवलं, एवढं. तो जरासा हसला, कॉलर सारखी केली आणि म्हणाला, "आता काय, घरचीच गाडी हाय. हात बसवून घेतला." मालकानं चावी उचलली आणि त्याच्या हातात दिली. त्यानं घेतली. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

बाहेर येऊन त्यानं माझ्यासाठी उजवीकडचं दार उघडून धरलं. चावी माझ्या हातात ठेवली, खांद्यावर थोपटलं, "घाबरू नको" म्हणाला आणि गाडीला वळसा घालून पलीकडं निघाला. मला कळलं, हा शेजारी बसणार. आज बसणार, मग आठवडाभर बसणार. मुली चढतील तेव्हा ड्रायव्हरशेजारी ड्रायव्हरचा नवरा असणार आणि त्यांच्या आईबापांना जरा बरं वाटणार. तो दारापाशी पोहोचायच्या आत मी वाकून डावीकडचं लॉक दाबलं.

त्यानं दार ओढून पाहिलं. पुन्हा ओढलं. मग बोटानं काचेवर टकटक केली.

"अगं, उघड की. पहिला दिवस हाय. मी नुसता बसतो. काही बोलत न्हाई."

"तुम्ही घरी जा," मी म्हणाले.

तो काचेला तोंड लावून उभा राहिला. मागे त्याची गाडी उभी होती. तीत आता एकट्यानं बसून नांदेड गाठायचं होतं.

"घरी जाऊन काय करू गं मी?" तो म्हणाला.

तो नाटक करत नव्हता. त्याला खरोखर माहीत नव्हतं. माझ्या पोटात तुटलं, आणि तुटलं म्हणून जास्तच राग आला, कारण इतक्या वर्षांत मला घरी बसवताना त्यानं हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. क्लास सुटायची वेळ झाली होती. ट्यूशन एरियात फाटकाशी मुली दप्तरं घेऊन उभ्या असणार, त्यांत माझीही असणार. मी उजवा इंडिकेटर दिला, मागून येणाऱ्या दोन गाड्या जाऊ दिल्या आणि रस्त्याला लागले.